पवनारला जाण्याआधी

श्रोतेहो, दिवाळी आटोपली, की आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या दाराशी दोन गोष्टी एकदमच येऊन उभ्या राहतात. एक म्हणजे कापूस. सीतादही होऊन पहिली वेचणी झालेली असते, दुसऱ्या वेचणीची बोंडे फुटत असतात, हरभऱ्याची पेरणी डोक्यावर असते आणि मजूर साऱ्या गावाला एकाच आठवड्यात हवे असतात. दुसरी गोष्ट म्हणजे पवनारचे मित्रमिलन. विनोबांचे निर्वाण १५ नोव्हेंबर १९८२ रोजी झाले. त्या स्मरणाने दर वर्षी याच सुमारास धाम नदीच्या काठी, ब्रह्मविद्या मंदिराच्या परिसरात, ठिकठिकाणची मंडळी दोन-तीन दिवस एकत्र राहतात. प्रार्थना होते, अंगमेहनतीचे काम होते, बोलणे होते, गप्प बसणेही होते.

मी शाळामास्तर. आता निवृत्त. देवळी तालुक्यात चार एकर कोरडवाहू आहे. मित्रमिलनाला मी काही वेळा जाऊन आलो, म्हणून गावातले लोक विचारतात, "गुरुजी, यंदा जावं म्हणतो, तयारी काय करू?" त्यांना वाटते, मी थैलीत काय भरायचे ते सांगीन. तेही सांगतो, पण ते थोडके आहे. त्याआधी एक जुनी हकीकत ऐका.

१९३८ सालची गोष्ट. विनोबांची प्रकृती फार खालावली होती. विश्रांतीसाठी कुठेतरी थंड हवेच्या ठिकाणी जावे, असा गांधीजींचा आग्रह पडला. डोंगरावरच्या मोठमोठ्या गावांची नावे निघाली. विनोबांनी निवडले ते वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरचे पवनार. तिथे नदीकाठच्या टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला होता. गाडी धामच्या पुलावर आली, तेव्हा विनोबांनी मनाशी तीनदा म्हटले, "संन्यस्तं मया." म्हणजे, मी सोडले. कामाचे, संस्थांचे, माणसांचे जे विचार डोक्यात होते, ते सारे त्यांनी पुलाअलीकडे ठेवले आणि मग पलीकडे पाय टाकला. तिथे औषध कसले घेतले, तर रोज थोडी थोडी जमीन खणायची आणि हळूहळू वेळ वाढवीत न्यायचा. प्रकृती सुधारली.

ही हकीकत मी पहिल्या खेपेला जाण्याआधी वाचली होती आणि ती मला फार आवडली होती. एस.टी. पुलावर आली, तेव्हा मीही डोळे मिटून तेच शब्द तीनदा म्हटले. पुलाखाली खडकांमधून पाणी वाहत होते. मला वाटले, झाले आपले काम!

कशाचे काय? विनोबांना कापूस नव्हता, मला होता. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी सांगितले होते, "उद्या तीन दिवस पवनारला जातो." विचारले नव्हते, सांगितले होते. दुसरी वेचणी अर्धी राहिली होती. मजूर बायांना निरोप द्यायचा होता, तो मी विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पवनारला आभाळ भरून आले. लोक प्रार्थनेला बसले होते आणि माझे डोळे ढगांकडे. फुटलेल्या कापसावर पाऊस पडला, की काय होते, ते तुम्हाला सांगायला नको. रुई काळवंडते आणि भाव पडतो. मी देहाने पवनारला होतो, मनाने धुऱ्यावर.

तिसऱ्या दिवशी घरी पोहोचलो. घरच्या मंडळींना ताप भरला होता. पाऊस येईल या भीतीने तिने आणि माझ्या वहिनींनी, दोघींनीच, दोन दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत कापूस वेचला होता आणि शेवटी पावसाने त्यांना रस्त्यातच गाठले होते. मी थैली खुंटीला अडकवली. वहिनी माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, आमच्यावर त्यांचा धाक. त्या एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, तुमी देवाले भेटून आले. आमी कापसाले भेटून आलो."

तेव्हापासून कोणी तयारी विचारली, की मी उलट विचारतो, तुमच्या मागे तुमचे ओझे कोण उचलणार आहे? त्याला विचारले का? पुलावर 'मी सोडले' म्हणायला हरकत नाही. पण आपण सोडलेली वस्तू अधांतरी राहत नाही, कोणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसते. आपल्या घरात ते डोके बहुतेक बाईचे असते.

पुढच्या खेपेला मी एक महिना आधीपासून लागलो. शेजारच्या शेतकऱ्याशी बोललो. त्याच्या मुलीच्या लग्नाच्या वेळी चार दिवस मी त्याची गुरे आणि ओलीत पाहायचे, मित्रमिलनाच्या दिवसांत त्याने माझ्या शेतावर नजर ठेवायची. मजूर बायांना आठ दिवस आधी सांगितले आणि वेचणीचे पैसे मोजून घरात ठेवले, कारण घरधनी गावात नाही म्हणून बायांची मजुरी थांबणे बरे नव्हे. आजाऱ्याच्या गोळ्या आणल्या. किराणा दुकानाची उधारी फेडली. हेही महत्त्वाचे आहे बरे का! पहाटेच्या अंधारात शांत बसले, की माणसाला देव आठवण्याआधी उधारी आठवते. हा माझा अनुभव आहे.

आता थैलीचे. पवनारची जागा थाटामाटाची नाही आणि तसे कोणी मनात आणूही नये. ब्रह्मविद्या मंदिर विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी सुरू केले ते बहिणींच्या सामूहिक साधनेसाठी. तिथे कोणी एक प्रमुख नाही, निर्णय सर्वांच्या संमतीने होतात. शेती, स्वयंपाक, सफाई ही कामे साधनेच्या बाहेरची मानलेली नाहीत. तेव्हा आपण पाहुणे म्हणून जातो, हा समज घरीच ठेवावा. भाजी निवडायला, झाडायला हात पुढे करावा. आधी पत्र टाकून कळवावे, किती जण येतो, कोणत्या दिवशी येतो आणि कोणत्या दिवशी परततो. मधुमेह असेल, गुडघे दुखत असतील, तर तेही कळवावे. त्यात लाज नाही. काय न्यायचे, काय नाही, हेही त्याच पत्रात विचारून घ्यावे, म्हणजे घोटाळा होत नाही.

मी नेतो ते असे: एक चादर, एक जाड शाल, कारण नोव्हेंबरात नदीकाठची पहाट चांगलीच झोंबते, दोन जोड साधे कपडे, पंचा, तांब्या, ताट-वाटी, विजेरी आणि गीताई. मोबाईल नेलाच, तर बंद करून थैलीच्या तळाशी ठेवावा. घरच्यांना सांगून ठेवावे, की अमुक वेळी मीच फोन करीन. चिवडा-लाडूंचे डबे नेऊ नयेत. एकाने डबा उघडला, की भोवती मंडळी जमते आणि गावच्या गप्पा सुरू होतात.

आणि खर्रा! आपल्या भागात हे बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दिवसातून पाच पुड्या खाणारा मनुष्य आश्रमाच्या फाटकापाशी पुडी फेकून आत जातो आणि दुसऱ्या दिवशी त्याचे डोके धरते, चिडचिड होते, तो भिंतीआड कुठे कोणाजवळ मिळते का, ते पाहत फिरतो. मी हे पाहिले आहे. त्याला दोष देत नाही. शरीराची सवय फाटकापाशी सुटत नसते. पंधरा-वीस दिवस आधीपासून एकेक पुडी कमी करावी. झोपेचेही तसेच. पहाटे चारला उठण्याची सवय नसेल, तर आठवडाभर आधी रोज थोडे थोडे लवकर उठावे. नाहीतर प्रार्थनेत मान डुलते आणि शेजारचा आपल्याला समाधी लागली असे समजतो.

शिक्षक बंधू-भगिनींना एक वेगळी सूचना आहे. तिथे पहाटे ईशावास्याचा पाठ होतो, सकाळी साडेदहाला विष्णुसहस्रनाम होते, संध्याकाळच्या प्रार्थनेत गीताईतील स्थितप्रज्ञाची लक्षणे म्हटली जातात. शब्द ओळखीचे असले, तर मन त्यांना धरून बसते. गीताई विनोबांनी ७ ऑक्टोबर १९३० ते ६ फेब्रुवारी १९३१ या चार महिन्यांत लिहिली. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, ती कळेल अशा मराठीत असावी, ही त्यामागची ओढ. पण मी सांगेन, त्यासोबत 'गीता-प्रवचने' वाचा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी ती अठरा प्रवचने झाली. ऐकायला कैदी होते आणि लिहून घ्यायला साने गुरुजी. तुम्ही २८ ऑक्टोबरला सुरुवात केली आणि रोज एक अध्याय वाचला, तर १४ नोव्हेंबरला अठरावा संपतो. पुस्तक मोठे वाटले, तर निदान बारावा अध्याय तरी वाचून जा. त्याचे कारण पवनारलाच दिसेल.

त्या अध्यायात विनोबांनी लक्ष्मण आणि भरत या दोघा भावांची गोष्ट सांगितली आहे. लक्ष्मण रामाबरोबर वनात गेला, रात्रंदिवस जवळ राहिला. भरत अयोध्येत राहून राज्याचे काम पाहत राहिला, मनाने मात्र वनातच. दोघांचीही भक्ती पूर्ण. राम परत आला, तेव्हा या भावांच्या भेटीचे चित्र कोणी काढील का, अशी इच्छा तिथे बोलून दाखवली आहे. पुढे पवनारला जमीन खणताना मातीतून जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांत भरत-रामाच्या भेटीचा शिल्पपट निघाला. तो आज तिथे आहे. मुलांना घेऊन गेलात, तर आधी वर्गात ही गोष्ट सांगा आणि मग तो दगड दाखवा. नुसता दगड दाखवला, तर मुले नदीकडे पळतात. पळू द्यावीत म्हणा, पण धामच्या खडकांवर शेवाळ असते, तेव्हा एक मास्तर काठावर हवाच. याच नदीत १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले, हेही त्यांना सांगा.

मी तो शिल्पपट दोन-तीनदा पाहिला. दर वेळी डोळ्यांपुढे राम आणि लक्ष्मणच आणले. भरत माझ्या घरीच होता, हे ध्यानात यायला उशीर लागला.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी घरी म्हटले, "यंदा तू जा. मी राहतो." तिला आधी थट्टा वाटली. मग म्हणाली, "खरंच?" आणि दुसऱ्या दिवसापासून तिची तयारी सुरू झाली. श्रोतेहो, माझी तयारी म्हणजे एक थैली. तिची तयारी पंधरा दिवस चालली होती. गहू-ज्वारी दळून आणली, डाळी निवडून डब्यांत भरल्या, तिखट-मिठाच्या जागा मला दाखवल्या, म्हातारीला गोळी कोणत्या वेळी आणि कशाबरोबर द्यायची, ते कागदावर लिहवून घेतले, नातवाच्या शाळेचा गणवेश धुऊन ठेवला. गाय कोणाला हात लावू देते आणि कोणाला लाथ मारते, हे मला तेव्हा समजले. ती गाय माझ्याच गोठ्यात सहा वर्षे होती! तिच्या स्वतःच्या थैलीत काय भरायचे, ते राहूनच गेले. निघताना शाल मी टाकली.

ते तीन दिवस मी पोटाशी फडके बांधून वेचणीला उभा राहिलो. मजूर बायांनी माझ्याकडे पाहून पदर तोंडाला लावला. दुपारपर्यंत बोंडाच्या टोकांनी बोटे सोलून निघाली आणि कापूस भरला सात-आठ किलो. माझ्या शेजारच्या ओळीतली बाई तेवढ्या वेळात दुपटीहून पुढे गेली होती, तीही बोलत बोलत. संध्याकाळी पोळ्या जमल्या नाहीत, म्हणून भात टाकला, तो खाली लागला. म्हातारी काही बोलली नाही, पण ताट लवकर सरकवले. रात्री पडल्या पडल्या मी गीताईतली लक्षणे म्हणायला घेतली आणि कितव्या श्लोकाला झोप लागली, ते सांगता येत नाही.

ती परत आली. मी विचारले, "कसं झालं?" मला वाटले, प्रार्थनेचे सांगेल, कोण काय बोलले ते सांगेल. ती पायरीवर बसली, पाणी प्याली आणि म्हणाली, "तीन दिवस घंटा वाजली की जेवायले गेली. कोन जेवलं, कोनाचं राह्यलं, हे पाहा लागलं नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "दुसऱ्या दिवशी लय वेळ नदीजवळ बसली होती. काईच आठवे नाही." मी इतक्या खेपा जाऊन मला हे साधले नव्हते.

आश्रमाला पत्र परवाच टाकले आहे. आमच्या दोघांपैकी यंदा कोण जाणार, ते अजून ठरायचे आहे. कापूस कसा फुटतो आणि शेजारच्याला सवड कशी मिळते, यावर ते अवलंबून आहे. पत्रात मात्र आम्ही दोन्ही नावे लिहिली आहेत.