शेतीत नवी माणसे यावीत म्हणून
(भाषणाचा मजकूर)



तरुण पिढीने शेतीकडे पाठ फिरविली आहे, ही तक्रार गोव्याच्या गावोगावी ऐकू येते. तीत तथ्य नाही असे नाही. परंतु ती अर्धीच गोष्ट झाली. शेतात उतरण्याची मनापासून इच्छा बाळगणारे तरुण-तरुणीही गावोगावी आढळतात. त्यांच्यापुढील पहिली अडचण बियाण्याची नसते, खताची नसते आणि बहुधा कष्टाचीही नसते. ती असते जमिनीची. एकीकडे शेते पडीक राहून त्यांत गवत माजते, तर दुसरीकडे कसू इच्छिणारे हात रिकामे राहतात. असे का घडते हे समजून घेतल्यावाचून नवागतांना साहाय्य करण्याची भाषा पोकळ ठरेल.

गोवा मुक्त झाल्यानंतर 1964 साली कूळ कायदा आला आणि 1976 च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्या कुळाला जमिनीचा मालक मानले. पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांना त्यामुळे प्रतिष्ठा लाभली. त्या कार्याचे मोल कोणालाही कमी लेखता येणार नाही. अशी जमीन शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्यास 1991 च्या कायद्याने मनाई केली, तर 2023 च्या कायद्याने भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती जाण्यावर निर्बंध घातले. जमीन शेतीसाठी राखण्याची तजवीज अशा रीतीने झाली. तथापि राखलेली जमीन नव्या माणसाच्या हाती कशी यावी, हा प्रश्न मागे उरला आहे.

शेत एकदा दुसऱ्याला कसावयास दिले की ते परत मिळणार नाही, या भीतीने कित्येक मालक ते पडीक ठेवणेच पसंत करतात. ज्या तरुणाला शेत मिळते, त्याला ते तोंडी बोलीवर मिळते. त्याच्याजवळ कागद नसतो. कागदाअभावी कर्ज व अनुदान दुरापास्त होते. पुढच्या वर्षी शेत आपल्याकडे राहील की नाही याची शाश्वती नसलेला मनुष्य बांधाच्या दुरुस्तीत पैसा कसा घालणार? नीती आयोगाने 2016 साली शेतजमीन भाडेपट्ट्याच्या आदर्श कायद्याचा मसुदा सादर केला, तो याच पेचातून मार्ग काढण्यासाठी. मालकाची मालकी अबाधित राहावी आणि कसणाऱ्याला पीककर्ज व विम्याचा लाभ मिळावा, हा त्याचा हेतू होता. गोव्यातील मालक व कसणारा यांनीही, कायदा ज्या मर्यादेत अनुमती देतो त्या मर्यादेत, मामलेदार कार्यालयाचा व जाणकार वकिलाचा सल्ला घेऊन आपली बोली कागदावर आणणे उभयतांच्या हिताचे आहे.

ज्याच्या घरची शेती आहे, त्याची वाट मोकळी असते असेही नव्हे. एक-चौदाच्या उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस अनेक आणि त्यांतील काही परगावी, हे चित्र सर्वपरिचित आहे. वडीलधारी मंडळी हयात असतानाच वारसांची नोंद मार्गी लावणे, हे पुढच्या पिढीस केलेले मोठे साहाय्य होय. दुसरी गोष्ट याहून सोपी, पण मनाला जड जाणारी आहे. मुलगा शेतात राबतो, परंतु बियाणे वडील निवडतात, माल वडील विकतात आणि हिशेबाची वहीही वडिलांकडेच असते. असा मुलगा वर्षानुवर्षे मदतनीसच राहतो, शेतकरी होत नाही. यास्तव घरातील एक कुणगा मुलाच्या वा मुलीच्या हाती पूर्णपणे सोपवावा. सरद आणि वायंगण, दोन्ही हंगामांतील निर्णय त्यांनी घ्यावेत, नफा त्यांचा असावा आणि तोट्याचा हिशेबही त्यांनीच मांडावा. गोव्याच्या नागरी कायद्यानुसार मुलीला वारसाहक्कात समान वाटा आहे. मग शेतीच्या कारभारात तिला मागे ठेवण्याचे कारण नाही.

जमिनीनंतर प्रश्न येतो पहिल्या पाच वर्षांचा. भाजीपाला दोन-तीन महिन्यांत हाती येतो, भात सुमारे चार महिन्यांत आणि केळी वर्षभराने. काजूचे कलम तिसऱ्या वर्षापासून थोडे उत्पन्न देऊ लागते. माड व पोफळ यांना मात्र पाच-सात वर्षे थांबावे लागते. कर्ज काढून केवळ पोफळीच लावणाऱ्या नवशिक्याच्या दारी फळाआधी हप्ता येतो. कुळागरे उभारणाऱ्या जुन्या जाणत्यांनी हे ओळखले होते, म्हणूनच पोफळीच्या सोबतीला केळ व मिरवेल लावण्याची रीत पडली. नवागतानेही आपल्या उत्पन्नाची अशीच पायरी-पायरीने आखणी करावी. बँकेनेही बागायतीच्या कर्जाची परतफेड झाड फळावर येण्याच्या काळाशी जुळवून द्यावी.

शिक्षणाच्या सोयी आता जवळ आल्या आहेत. सुळकर्णे येथे 2015 पासून कृषी महाविद्यालय आहे. जुने गोवे व मडगाव येथील कृषी विज्ञान केंद्रे प्रशिक्षण देतात. जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्थेने खारेपणा सोसणारी ‘गोवा धान’ ही भाताची वाणे तयार केली आहेत. परंतु भरती-ओहोटी पाहून मानशीचे दार केव्हा उघडावे, बांधाला कोठे भगदाड पडण्याचा संभव आहे, हे ज्ञान अद्याप गावातील वृद्धांपाशीच आहे. खाजनाचा बांध एकट्या कोणाचाच नसतो. तो एके ठिकाणी फुटला की खारे पाणी सर्वांच्या शेतांत शिरते. म्हणून नव्या शेतकऱ्याला कूळ संघाच्या बैठकीत मानाने बोलवावे व बांधाच्या कामात त्याला सोबत न्यावे.

एकटा नवशिका लवकर खचतो. स्वतःच्या नावे जमीन नसलेल्या चार ते दहा जणांनी संयुक्त दायित्व गट स्थापन केल्यास परस्परांच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळू शकते. किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेतही कुळे, वाटेकरी व असे गट यांचा समावेश आहे. ही माहिती कार्यालयाच्या फलकावरच राहू नये. ती शाळेत, पंचायतीत व ग्रामसभेत पोहोचावी.

शिक्षकांनी शेतीचे नाव नापासांची वाट म्हणून घेऊ नये. अधिकाऱ्यांनी नवागताचा अर्ज त्रुटी दाखवून परत न करता, त्रुटी कशी दूर करावी हेही त्याला सांगावे. वडीलधाऱ्यांनी थोडा विश्वास टाकावा. येत्या सरदाच्या हंगामापूर्वी प्रत्येक गावात एक जरी पडीक कुणगा एखाद्या होतकरू तरुणाच्या वा तरुणीच्या हाती आला आणि तेथे नांगर फिरला, तरी कार्याला योग्य आरंभ झाला असे म्हणता येईल.