जुन्या गोव्याचा चिरा



मी शाळेत सातवीच्या पुढे गेलो नाही. जे थोडेफार वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, सभा संपल्यावर. युरोपातील एखाद्या राजधानीची जुनी चर्चे पाहून त्यावर बोलावे, असे चालकांनी सुचविले तेव्हा मी म्हटले, लिस्बनला जाण्याइतकी माझी ऐपत नाही. परंतु लिस्बनच्या राजांनी आपली पूर्वेकडील राजधानी आपल्या शेजारीच बांधली होती. पनवेलला गाडीत बसावे आणि करमळीला उतरावे. जुने गोवे तेथून अगदी जवळ आहे.

आमच्या बांधकाम कामगारांपैकी दहा-बाराजण आम्ही गेलो होतो. निघण्यापूर्वीच एका तरुणाने हरकत घेतली. म्हणाला, "ज्यांनी आपली देवळं पाडली, त्यांची चर्चं बघायला आपल्या घामाचे पैसे का खर्चायचे?" प्रश्न रास्त होता. आल्बुकर्कने १५१० साली गोवे घेतले. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. १५६० साली धर्मन्यायालय बसले ते मधली थोडी वर्षे सोडता १८१२ पर्यंत चालले. कुठ्ठाळीचा मंगेश भक्तांनी नदीपार प्रियोळला नेला, तो आजही तेथेच आहे. मी त्या पोराला एवढेच सांगितले की, हे विसरून पाहायला चल असे मी म्हणत नाही. हे लक्षात ठेवूनच चल.

बॉं जेझूचे चर्च १५९४ मध्ये सुरू झाले आणि १६०५ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. तांबडा, उघडा जांभा. प्रवासी त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्रे काढतात, आणि किती पुरातन, किती भव्य, असे म्हणतात. आम्हीही तेच म्हणत होतो. आमच्यातला एक म्हातारा गवंडी मात्र गप्प होता. महाडकडचा माणूस, जन्म चिऱ्यात गेलेला. त्याने बाजूच्या भिंतीवर तळवा टेकला, बोटाने चिऱ्याची भोके चाचपली आणि म्हणाला, "भाऊ, ह्याचं कातडं कोणी सोललं?"

मला उत्तर देता आले नाही. परत आल्यावर मी पुस्तके धुंडाळली, तेव्हा कळले की म्हाताऱ्याचे खरे होते. ही इमारत बांधली तेव्हा ती चुन्याच्या गिलाव्याने झाकलेली होती. तिचा गिलावा उतरविला गेला तो १९५० नंतरच्या दशकात, बाल्ताझार काश्त्रु नावाच्या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली. नागडा दगड जुना दिसतो, एवढ्यासाठी! जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत टणक होतो. पण तो भोकाभोकाचा, पाणी पिणारा. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात त्याच्या अंगावर चुना हवाच. हे आपल्याकडे चिरेबंदी घर बांधणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. जे आपण पुरातन म्हणून वाखाणतो ते सत्तर वर्षांपूर्वीचे. गिलावा पुन्हा चढवावा की नाही, यावर आता वाद चालतो. गवंड्याला मत विचारल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

दर्शनी बाजूचे कोरीव काम काळ्या दगडात आहे. तो दगड वसईहून आणला असे सांगतात. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती, तेव्हा हे सहज शक्य आहे. तसे असेल तर आपल्याच किनाऱ्यावरून तो गलबतांत भरून गेला. कोणी फोडला, कोणी पाठीवर वाहिला? दारावर येशूसंघाची तीन अक्षरे आहेत. वाहणाऱ्याचे एकही नाही.

आत संत फ्रान्सिस झेवियरची समाधी आहे. खालचा संगमरवरी चौथरा तोस्कानाच्या कोझिमो तिसऱ्याने दिला. तो फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडविला, दहा वर्षे खपून, आणि १६९८ मध्ये तो येथे उभा राहिला. हे नाव सर्व पुस्तकांत सापडते. त्यावरील चांदीची पेटी त्याच्या साठ वर्षे आधीची, १६३६-३७ मधली. ती गोव्याच्याच कारागिरांनी केली. पुस्तके म्हणतात, 'गोव्याचे सोनार'. बस्स, एवढेच! हरकत घेणारा आमचा तरुण तिच्यापुढे बराच वेळ थांबला. मग पहारेकऱ्याला विचारतो, "यांना मजुरी किती मिळाली होती?" पहारेकरी हसला. मला हसू आले नाही.

से कॅथेड्रल फार मोठे आहे; त्याचा एक मनोरा १७७६ साली पडला आणि दुसरा एकटाच उभा राहिला. मोठी घंटा तिथेच आहे. पण आमच्या मंडळींना खिळवून ठेवले ते ऑगस्टीनच्या पडक्या मनोऱ्याने. १८३५ मध्ये धर्मसंघ हद्दपार झाले, देखभाल सुटली. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. म्हातारा त्या ढिगाकडे बोट दाखवून म्हणाला, "बघा, माणूस काढून घेतला की असं होतं."

परतीच्या गाडीत त्याला झोप नव्हती. माझ्याकडून वहीचे पान मागून घेतले आणि बॉं जेझूच्या भिंतींचा अंदाज धरून, चुना किती, गवंडी किती, बिगारी किती, पावसाळ्यापूर्वी काम उरकेल का, असा हिशेब मांडू लागला. हरकत घेणारा तरुण शेजारी बसून आकडे लिहून देत होता. पेण आले तरी त्यांचा मजुरीचा आकडा जमला नव्हता.