चेहरा पाहून गुन्हेगार ओळखता येतो का?



मागच्या महिन्यात बैठक झाल्यावर आम्ही काही जणींनी लॅपटॉपवर एक कोरियन सिनेमा पाहिला. नाव 'मेमरीज ऑफ मर्डर', २००३ सालचा. दिग्दर्शक बाँग जून-हो. पुढे 'पॅरासाइट'ला ऑस्कर मिळालं, तेच हे. खालच्या इंग्रजी ओळी मी मराठीत सांगत होते. पण भाताची शेतं, पाऊस, अंधारात एकटी घरी निघालेली बाई, हे समजायला भाषा लागली नाही.

गोष्ट खऱ्या घटनांवरची आहे. दक्षिण कोरियातल्या ह्वासाँग भागात १९८६ ते १९९१ या काळात दहा बायका-मुलींचे खून झाले. सिनेमातला गावचा पोलीस म्हणतो, मी डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो. मग तो बुद्धीनं कमी असलेल्या एका मुलाला धरतो, मारतो, बुटाचा खोटा ठसाही तयार करतो. खुनी मात्र सापडत नाही. शेवटी एक लहान मुलगी सांगते, मी त्या माणसाला पाहिलं होतं, तो साधाच दिसत होता.

सिनेमा संपला आणि मतं सुरू झाली. एक जण म्हणाली, "दोन तास बसवलं आणि खुनी दाखवलाच नाही!" दुसरी म्हणाली, "अजून दोन दणके दिले असते तर कोणीतरी कबूल केलं असतं." एक आजी म्हणाल्या, "मेलेल्या पोरींचं एकीचं तरी नाव लक्षात राहिलं का तुमच्या?" सगळ्या गप्प झाल्या.

दणक्यांचं पुढे खरंच काय झालं ते ऐका. १३ वर्षांच्या एका मुलीच्या खुनासाठी १९८९ मध्ये एका तरुणाला पकडलं. त्याच्याकडून जबरदस्तीनं कबुली घेतली. तो सुमारे २० वर्षं तुरुंगात राहिला. त्याला पकडल्यानंतरही आणखी दोन खून झाले, कारण खरा खुनी बाहेरच होता. २०१९ मध्ये डीएनए तपासणीतून तो सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीच तुरुंगात होता. त्या तरुणाला न्यायालयानं २०२० च्या डिसेंबरमध्ये निर्दोष ठरवलं.

कोरिया लांब आहे, पण राईनपाडा लांब नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, १ जुलै २०१८ ला बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी मोबाईलवर अफवा होती. लोकांनी चेहरे पाहिले, परके वाटले, आणि निकाल लावला.

आपल्या सातपुड्यात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात तेही असंच. घरात आजारपण आलं, गुरं मेली की बोट एकट्या बाईकडे जातं. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं हा गुन्हा आहे.

म्हणून गटातल्या बायांना माझं सांगणं आहे. संशय आला तर ११२ ला फोन करा. कोणाचा फोटो "चोर" म्हणून आला तर पुढे पाठवू नका. पाड्यावर एखादीचं नाव घेतलं जाऊ लागलं, तर त्याच दिवशी चार-पाच जणींनी तिच्या घरी जाऊन बसा आणि पोलिसांना कळवा. आणि आपल्या आजींचा प्रश्न पुढच्या बैठकीत नक्की विचारा.