पेटीतला हापूस, बादलीतलं पाणी

एप्रिल-मे महिन्यात पुण्याच्या मार्केट यार्डात, फळबाजारात गेलात, तर हापूसचे दोन भाव कानावर पडतात. एक कच्च्या पेटीचा, एक तयार पेटीचा. बाग तीच, झाड तेच, मध्ये गेले ते फक्त काही दिवस. त्या दिवसांत पेटीत जे घडलं, त्याचे जास्तीचे पैसे आपण मोजतो.

शाळेत आपण एक नियम पाठ केला होता: बदल उलटवता आला तर भौतिक, नाही आला तर रासायनिक. हा नियम घेऊन आधी भुसार बाजारात जाऊ. हळकुंड दळलं. त्या पुडीचं पुन्हा हळकुंड होत नाही. म्हणून तो रासायनिक बदल झाला का? मुळीच नाही. हळद हळदच राहिली, नुसती बारीक झाली. आता त्याच हळदीत ओला चुना कालवा. लालभडक! हळदीच्या डागाला साबण लागला की हेच होतं, हे घराघरांत ठाऊक आहे. हा बदल मात्र रासायनिक. आणि गंमत अशी, की वर लिंबू पिळलं की रंग पुन्हा पिवळा. म्हणजे आपला पाठ केलेला नियम दोन्हीकडून फसला.

खरा प्रश्न वेगळाच आहे: पदार्थ तोच राहिला, की दुसरा झाला? पावसाळ्यात गूळ पाझरतो, तो हवेतली ओल ओढून घेतो म्हणून. साखर तीच असते. मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडतात, तेही वाया जात नाही. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी भाजीतून जाते. जुडी गार राहते. पाणी गेलं, पण वाफ झाली तरी ते पाणीच.

आंब्याचं तसं नाही. कच्च्या फळात पिष्ट असतं, म्हणजे स्टार्च. पिकताना फळातलीच विकरं त्याची साखर करतात. आम्ल कमी होतं. पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं आणि फळ मऊ पडतं. सालीतलं हिरवं द्रव्य मोडतं, पिवळं दिसू लागतं. सुगंध तर सगळा नवाच. पेंढ्याच्या आढीत हात घालून पाहा, ऊब लागते. फळ श्वास घेत असतं, त्याची ती उष्णता.

याला इशारा देतो इथिलीन नावाचा वायू आणि तो फळच सोडतं. सफरचंदं हा वायू सोडतात, हे १९३४ साली रिचर्ड गेन यांनी दाखवून दिलं. आपल्या आज्यांनी आढ्या त्याच्या कितीतरी आधीपासून लावल्या होत्या, ही गोष्ट वेगळी! आजच्या रायपनिंग चेंबरमध्ये हाच वायू सोडतात. नियमानं हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत तो चालतो. त्याला उगीच नावं ठेवू नयेत.

नावं ठेवायची ती कार्बाइडला. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन निघतो, वेल्डिंगवाले वापरतात तो. तो इथिलीनची नक्कल करतो. बाजारी कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंशही असू शकतात. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांत त्यावर बंदी आहे. पण समजा हे विष नसतं, तरी एक गोष्ट त्याला जमली नसती. कोवळ्या फळात पिष्टच भरलेलं नसेल, तर साखर कुठून येणार? साल पिवळी होते, आत आंबटढाण.

मग फळ भरलंय की कोवळंच उतरवलंय, हे कसं ओळखायचं? इथे भौतिक गुणधर्म कामी येतो: घनता. भरलेला आंबा पाण्यापेक्षा किंचित जड असतो, कोवळा हलका. यंदा कच्ची पेटी आणलीत, की आंबे बादलीभर पाण्यात सोडा. तळाशी गेले ते पुसून, कोरडे करून आढीत लावा. तरंगले त्यांचं पन्हं करा.