सहा आकड्यांमागची किल्ली



'ओटीपी कुणालाही सांगू नका' हे वाक्य आता शाळकरी मुलांनाही पाठ झालं आहे. कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना कार्डावर छापलेल्या माहितीखेरीज आणखी एक पडताळणी हवीच, असं रिझर्व्ह बँकेने 1 ऑगस्ट 2009 पासून बंधनकारक केलं. तेव्हापासून हळूहळू मेसेजमधून येणाऱ्या आकड्यांची आपल्याला सवय लागली आणि ते लपवायचीही. पण पासवर्डसोबत ॲपमधला कोडही मागणाऱ्या दुहेरी सुरक्षेत आणखी एक गोष्ट असते. ती ओटीपीपेक्षा कितीतरी मोलाची, आणि तिच्याबद्दल मात्र कुणी फारसं सावध करत नाही. ती म्हणजे सीक्रेट की, गुप्त किल्ली.

ईमेलला किंवा शेअर-व्यवहाराच्या खात्याला दुहेरी सुरक्षा लावायला बसलं की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन येतो, क्यूआर कोड. आपण मोबाइलवरचं ऑथेंटिकेटर ॲप उघडून कॅमेरा त्याच्यासमोर धरतो. ॲपमध्ये सहा आकडे दिसतात, ते टाकतो, हिरवी खूण उमटते आणि काम झालं म्हणून आपण मोकळे होतो. त्या चौकोनाखाली बारीक अक्षरांत 'स्कॅन होत नाही का?' अशा अर्थाची एक ओळ असते. तिच्यावर बोट टेकवलं की इंग्रजी अक्षरांची आणि आकड्यांची एक माळ दिसते, बहुतेकदा 16 किंवा 32 चिन्हांची. हीच ती किल्ली. चौकोनात याहून वेगळं काही फारसं नसतं. किल्ली, खात्याचं नाव आणि सेवा देणाऱ्याचं नाव, एवढंच कॅमेऱ्याला वाचता येईल अशा रूपात मांडलेलं असतं.

ही माळ नीट पाहिलीत, तर तिच्यात 0, 1, 8 आणि 9 कधीच सापडणार नाहीत. ए ते झेड ही 26 अक्षरं आणि 2 ते 7 हे सहा आकडे, अशी 32 चिन्हंच वापरायची, असा संकेत आहे. शून्य आणि 'ओ', एक आणि 'आय' यांत गफलत होऊ नये, ही त्यातली सोय. अक्षरं कॅपिटल लिहिली की स्मॉल, यानेही फरक पडत नाही. थोडक्यात, ही माळ हाताने उतरवण्याजोगी आहे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता हे सहा आकडे येतात कुठून? अनेकांना वाटतं की कंपनी ते इंटरनेटवरून पाठवते. मोबाइल विमान मोडवर टाकून पाहा, आकडे बदलतच राहतात. दोन गावांतल्या दोन जोशीबुवांकडे एकच पंचांग असलं, तर एकमेकांना न विचारता दोघेही आजची तिथी तीच सांगतील. इथे पंचांगाच्या जागी किल्ली आहे. तिची एक प्रत तुमच्या फोनमध्ये आणि दुसरी कंपनीच्या यंत्रात. दोघेही घड्याळ पाहतात. 1 जानेवारी 1970 च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले ते मोजून त्याला 30 ने भागतात. उदाहरणार्थ, 1 जानेवारी 2025 रोजी आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजले, तेव्हा हा आकडा होता 5 कोटी 78 लाख 56 हजार 320. हा आकडा आणि किल्ली एका ठरलेल्या गणितात घातली की सहा आकडे बाहेर पडतात. दोन्हीकडचे जुळले, दार उघडलं. अर्ध्या मिनिटाने नवा आकडा, नवा कोड.

हे गणित गुप्त नाही. इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने मे 2011 मध्येच ते आरएफसी 6238 या क्रमांकाने जगापुढे खुलं ठेवलं. गुप्त आहे ती फक्त किल्ली. गणितात वेळही धरलेली असते, म्हणून घड्याळ चुकलं की कोड नाकारला जातो. थोड्या सेकंदांचा उशीर सहसा चालवून घेतात, पण पाच मिनिटं मागे असलेल्या फोनचं काही चालत नाही. देश बदलला म्हणून मात्र बिघडत नाही, कारण मोजणी ग्रिनिचच्या वेळेने होते. दुबईला किंवा न्यू जर्सीला गेलेल्या मुलाचं इथलं सिमकार्ड बंद पडलं, तरी हे आकडे त्याला मिळत राहतात.

किल्ल्या हाती लागल्या तर काय होतं, याचा धडा जगाला 2011 मध्येच मिळाला. अमेरिकेतली आरएसए ही कंपनी कोड दाखवणारी छोटी उपकरणं विकायची. तत्त्व हेच, फक्त किल्ली उपकरणात भरलेली. त्या वर्षी कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना नोकरभरतीच्या आराखड्याची म्हणून एक एक्सेल फाइल ईमेलने आली, कुणीतरी ती उघडली आणि चोर आत शिरले. मार्चमध्ये कंपनीने घुसखोरी जाहीर केली. पुढे संरक्षण सामग्री बनवणाऱ्या लॉकहीड मार्टिनवर हल्ला झाला आणि त्यात आपल्याकडून चोरलेली माहिती वापरली गेल्याचं आरएसएला जूनमध्ये मान्य करावं लागलं. ग्राहकांना उपकरणं बदलून देण्याची वेळ आली. पासवर्ड कंपन्या अशा ठशाच्या रूपात साठवू शकतात, ज्यावरून मूळ पासवर्ड थेट वाचता येत नाही. किल्लीचं तसं करता येत नाही, कारण दर वेळी गणितासाठी ती मूळ रूपात लागते. तिथली राखण त्यांची. आपल्या हातातल्या प्रतीची आपली.

आणि तिथेच आपण गडबड करतो. चौकोनाचा स्क्रीनशॉट काढतो. तो गॅलरीत जातो, तिथून क्लाउडवर, कधी व्हॉट्सॲपवर 'हे जपून ठेव गं' म्हणत बायकोकडे. कोड अर्ध्या मिनिटात शिळा होतो. हा फोटो शिळा होत नाही. दोन वर्षांनी कुणी तो स्कॅन केला, तरी तुमचेच आकडे त्याच्या फोनवर दिसू लागतील. पासवर्ड बदलला म्हणून किल्ली सहसा बदलत नाही. दुहेरी सुरक्षा बंद करून पुन्हा चालू केली की नवी किल्ली मिळते आणि जुनी निकामी होते.

दुसरी तऱ्हा याच्या उलट. किल्ली कुठेच ठेवलेली नसते, फोन पाण्यात पडतो किंवा चोरीला जातो, आणि माणूस आपल्याच खात्याबाहेर उभा. काही ॲप आता किल्ल्यांची प्रत क्लाउडवर ठेवतात. गूगलच्या ॲपमध्ये ही सोय एप्रिल 2023 मध्ये आली. ती सोयीची आहे, पण मग सगळ्या कुलपांची भिस्त त्या एका खात्यावर येते. माझं मत विचाराल, तर कागद उत्तम. घराच्या कागदपत्रांसोबत, कपाटात. ॲपमधली नोंद पुसली म्हणजे खात्याची दुहेरी सुरक्षा बंद झाली, असाही एक गैरसमज आहे. तसं होत नाही. खातं कोड मागतच राहतं.

या किल्लीने सगळी फसवणूक टळते, असं नाही. हुबेहूब बनावट पानावर तुम्ही स्वतःच ताजा कोड टाकलात, तर समोरचा तो त्याच अर्ध्या मिनिटात वापरू शकतो. आणि फोनवर कुणी ही अक्षरांची माळ वाचून दाखवायला सांगितली, तर तो कोणत्याही कंपनीचं नाव घेवो, फोन ठेवून द्या.

ज्यांनी ऑथेंटिकेटर ॲप लावलं आहे, त्यांना एक विनंती. आज आपल्या ईमेलपासून सुरुवात करा. किल्ली लिहून ठेवलेली नसेल, तर दुहेरी सुरक्षा बंद करून लगेच नव्याने लावा. चौकोन दिसला की आधी त्याखालची अक्षरं कागदावर उतरवा, त्या कागदावरूनच ती ॲपमध्ये हाताने टाका आणि कोड चालतो का ते पाहा. चालला, म्हणजे कागद बरोबर उतरला आहे. जुना स्क्रीनशॉट असेल, तर तो पुसून टाका.