विनाशुल्क दूरचित्रवाणी : घरच्या साधनांची निवड

(सत्तरी तालुक्यातील एका गावी, प्राथमिक शाळेच्या पटांगणात ग्रामस्थ व शिक्षक यांच्यापुढे केलेले भाषण)



विषयाकडे वळण्यापूर्वी एक कबुली द्यावयास हवी. मी विज्ञानाचा विद्यार्थी नव्हे. मराठी साहित्य घेऊन पदवी मिळविलेला आणि गेली काही वर्षे शासनाच्या प्रसिद्धीचे काम करणारा मी एक अधिकारी. छत्री, पेटी आणि केबल यांविषयी बोलण्याचा अधिकार तुम्हांला कोणी दिला, असे आपण मला विचाराल. तो माझ्या वडिलांनी दिला.

पेडण्याकडील आमच्या घराच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या कांड्यांचे जुने एरियल होते. त्यावर वडील नित्यनेमाने दूरदर्शनच्या बातम्या पाहत. एके दिवशी पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसू लागल्या. वडिलांनी संच दुरुस्तीला दिला. आठ दिवसांनी तो परत आला, पैसे गेले, मुंग्या राहिल्या. पुन्हा दुरुस्ती, पुन्हा पैसे. तिसऱ्या खेपेस, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, ते शिडी लावून स्वतः कौलांवर चढले आणि एरियल चारी दिशांना फिरवून पाहिले. मग मला दूरध्वनी केला. संचात कसलाच बिघाड नव्हता. प्रसार भारतीने जमिनीवरील जुनी ॲनालॉग प्रक्षेपण केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद केली होती. मोजकी महत्त्वाची ठिकाणे वगळता हे काम मार्च २०२२ अखेर पुरे करावयाचे ठरले होते. त्या बातमीचे कात्रण माझ्या कचेरीतील फाईलमध्ये व्यवस्थित लावलेले होते. प्रसिद्धीचे काम करणाऱ्याच्या घरीच प्रसिद्धी पोहोचली नव्हती! तेव्हापासून ज्या ज्या गावी जातो तेथे मी प्रथम घरांच्या छपरांकडे पाहतो. आपल्याही गावात अशी दोन एरियले मला येताना दिसली. ती ज्यांची असतील त्यांनी कृपया संच दुरुस्तीला पाठवू नये.

आकाशातून थेट खेड्यात चित्र उतरविण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षण, शेती व आरोग्य यांचे कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यात शेजारचे कर्नाटकही होते. त्या वेळची छत्री सुमारे दहा फूट व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची होती. ती कोठे बसवावी, कोणता संच आणावा, मोडला तर कोणी दुरुस्त करावा, हे सारे शासनाचे अभियंते ठरवीत. आज छत्री दोन फुटांवर आली आणि प्रत्येक घराची झाली. परंतु निवड करण्याची जबाबदारीही प्रत्येक घरावर आली. दुकानाच्या फळीपलीकडे बसलेला माणूस सांगेल ते घेऊन यावयाचे, अशी आपली स्थिती आहे.

आता ही विनाशुल्क सेवा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने ती सुरू झाली. आज तिला ‘डीडी फ्री डिश’ म्हणतात. ती प्रसार भारतीची आहे. तिला मासिक वर्गणी नाही, वार्षिक नाही, रिचार्ज नाही. साधने एकदा विकत घ्यावयाची, एवढाच खर्च. तो साधारणतः दोन हजार रुपयांच्या आसपास येतो. ‘फ्री डिशचा रिचार्ज संपला, पैसे भरा’ असा दूरध्वनी आपणांस आला, तर तो करणारा मनुष्य आपल्याला फसवीत आहे, हे निश्चित समजावे.

साधनांत मुख्य वस्तू चार : छत्री, तिच्यापुढे दांडीवर बसणारा एलएनबी, केबल आणि संचाजवळची पेटी, म्हणजे सेट-टॉप बॉक्स. गिऱ्हाईक सर्वांत अधिक घासाघीस करतो ती पेटीवर, आणि सर्वांत अधिक फसतो तोही पेटीवरच. मी स्वतः फसलो आहे. वडिलांसाठी पेटी आणावयास गेलो तेव्हा दुकानदाराने दोन पेट्या पुढे ठेवल्या. दोन्ही काळ्या, दोन्हींचा आकार एक. एक काही शे रुपयांनी स्वस्त. फरक काय म्हणून विचारता ‘काही नाही, साहेब, कंपनी वेगळी’ असे उत्तर मिळाले. मी स्वस्त पेटी घेतली. घरी वाहिन्या दिसल्या, वडील संतुष्ट झाले. पुढे माझी भाची सुट्टीत तेथे राहावयास आली आणि तिच्या शिक्षकांनी सांगितलेली शैक्षणिक वाहिनी लावू लागली, तेव्हा ती काही केल्या सापडेना.

कारण असे. उपग्रहावरून येणारे चित्र आधी दाबून, घडी घालून पाठविले जाते आणि आपली पेटी ती घडी उलगडते. घडी घालण्याच्या दोन पद्धती प्रचारात आहेत : जुनी एमपेग-२ आणि नवी एमपेग-४. जुन्या पेटीला नवी घडी उलगडता येत नाही. नवी पेटी मात्र दोन्ही उलगडते. माझी स्वस्त पेटी जुनी होती. शिक्षणाच्या वाहिन्यांपैकी पुष्कळशा नव्या पद्धतीने येतात, त्यामुळे जुन्या पेटीच्या घरी त्या असून नसल्यासारख्या. म्हणून खरेदीच्या वेळी दुकानदाराला दोनच शब्द विचारा : ‘एमपेग-४ आहे का?’ आणि ‘डीव्हीबी-एस२ आहे का?’ हे दोन्ही शब्द खोक्यावर छापलेले असले पाहिजेत. तोंडी आश्वासन ग्राह्य धरू नये. त्याच खोक्यावर भारतीय मानक ब्यूरोच्या नोंदणीची खूण व क्रमांक पाहावा, आणि हमीपत्रावर दुकानाचा शिक्का व तारीख घ्यावी. पावती न मागण्याची आपली सवय मोठी महाग आहे.

घरचा संच जुना, पाठीमागे फुगीर असा असेल, तर पिवळी-पांढरी-तांबडी अशी तीन भोके असलेली पेटी लागते. नव्या सपाट संचाला एचडीएमआय लागते. दोन्ही सोयी असलेली पेटी घ्यावी, म्हणजे पुढे संच बदलला तरी पेटी बदलावी लागत नाही. उलट, नवाच संच घेण्याचा विचार असेल तर त्यात उपग्रहाचा ट्यूनर आतच बसविलेला आहे काय, हे विचारावे. अशा संचांसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये मानक ठरविले आहे. त्यांना विनाशुल्क वाहिन्यांसाठी निराळी पेटी लागत नाही, छत्री व एलएनबी मात्र लागतातच.

छत्रीविषयी फार बोलण्याचे कारण नाही. साठ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे दोन फूट व्यासाची छत्री पुरते. किनाऱ्याकडील गावांत खाऱ्या वाऱ्याने पातळ पत्रा दोन-तीन पावसाळ्यांत गंजतो, म्हणून तेथे जस्ताचा मुलामा चांगला असलेली घ्यावी. आणि येथे एक खर्च वाचविण्याजोगी गोष्ट सांगतो. पुष्कळ घरांवर पैसे भरून पाहावयाच्या सेवेची छत्री पडून असते. वर्गणी परवडेना म्हणून ती बंद केलेली असते. ती आपल्या मालकीची असेल आणि गंजलेली नसेल, तर बहुधा तीच छत्री, तोच एलएनबी, तीच केबल वापरता येते. दिशा बदलावी आणि पेटी नवी आणावी. दुकानदार हे आपण होऊन सांगणार नाही.

दिशेचे मात्र नीट समजून घ्या. ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडण्यात आला आणि विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर स्थिर आहे. गोव्यातून पाहता तो आग्नेयेस, किंचित पूर्वेकडे झुकलेल्या दिशेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६१ अंश उंच असतो. म्हणजे आकाशात बराच वर. छत्री मात्र एवढी वर पाहताना दिसत नाही, कारण तिची ठेवणच तिरपी असते. ती दिसते त्याहून वर पाहत असते. त्यामुळे समोर दूरवर डोंगर आहे म्हणून निराश होऊ नये, आणि डोक्यावर माड आहे तिकडे दुर्लक्षही करू नये. आपल्या वाड्यांत चित्र अडवितात ते डोंगर नव्हेत, माड आणि फणस.

माड आड येतो की नाही हे पाहण्यास यंत्र लागत नाही. मार्चच्या मध्याच्या सुमारास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या संधीला काही दिवस, सकाळी अकराच्या सुमारास, सूर्य आपल्याकडून पाहता नेमका या उपग्रहाच्या पाठीशी येतो. त्या वेळी जेथे छत्री लावावयाची त्या जागी ऊन पडले, तर जागा योग्य. झावळ्यांची सावली पडली, तर जागा बदला. याच दिवसांत त्या सुमारास काही मिनिटे चित्र बिघडते, तेही सूर्याच्याच तेजाने. पेटी उघडू नका, ते आपोआप पूर्ववत होते.

छत्री कौलांवर बसवू नये. कौल फुटते, गळती लागते आणि वाऱ्याने दिशा हलते. चिऱ्याच्या भिंतीला किंवा ओट्याच्या खांबाला, उभा माणूस हात पुरवू शकेल अशा उंचीवर ती लावावी. माझ्या वडिलांची शिडी मला अजून डोळ्यांपुढे दिसते, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

केबल ‘आरजी-६’ या जातीची घ्यावी आणि छत्रीपासून पेटीपर्यंत सलग, सांधा न देता आणावी. घरात शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी केबलीवरून ओघळत आत न येता झोळाच्या तळाशी टपकते. एलएनबीच्या तोंडाशी रबरी टोपी हवीच. या सर्वांस फार तर शंभर-दीडशे रुपये अधिक लागतील. परंतु आपल्याकडील जून महिन्यात निम्म्या तक्रारी याच सांध्यातून सुरू होतात. मुसळधार सर आली की चित्र थिजते, तुकडे पडतात. त्याला इलाज नाही. ढगातील पाण्याने लहरी क्षीण होतात आणि सर ओसरली की चित्र येते. विजा कडाडू लागल्या तर मात्र विजेचा प्लग आणि छत्रीची केबल दोन्ही काढून ठेवावीत.

पेटी प्रथम सुरू करताना ती एलएनबीचे आकडे विचारते. तेथे ९७५० व १०६०० अशी नोंद असावी. वाहिन्यांची मांडणी अधूनमधून बदलते, तेव्हा पेटीला पुन्हा शोध घ्यावयास लावावे. यासाठी माणूस बोलावून त्याला पैसे देण्याची आवश्यकता नाही. घरातील सातवीतले मूल हे दोनदा पाहून शिकते.

आता एका गैरसमजाविषयी. ‘अमुक मालिका दिसेल ना?’ म्हणून पुष्कळ भगिनी विचारतात. खाजगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात. २०१९ मध्ये मोठ्या समूहांच्या लोकप्रिय वाहिन्या या सेवेतून गेल्या, २०२० मध्ये आल्या, २०२२ मध्ये पुन्हा गेल्या. एखाद्या मालिकेसाठी पेटी घेणाऱ्याच्या पदरी निराशा येऊ शकते. ज्या टिकून आहेत त्या दूरदर्शनच्या वाहिन्या : आपली सह्याद्री, बातम्यांची, शेतीची, आणि मार्च २०१९ पासून गोव्याच्या दूरदर्शनलाही या सेवेत जागा मिळाली. सह्याद्रीचा लाभ केवळ आपल्यालाच आहे असे नव्हे. ज्या छत्रीने ती येथे दिसते तशाच छत्रीने ती बेळगावातही दिसते आणि इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतही. तेथे फक्त कोन थोडा बदलतो.

शिक्षकांसाठी वेगळे सांगावयास हवे. ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या २०१७ मध्ये ३२ या संख्येने सुरू झाल्या, त्याही जीसॅट-१५ वरूनच. मे २०२० मध्ये शाळा बंद असताना ‘पीएम ई-विद्या’ या योजनेत पहिली ते बारावी प्रत्येक इयत्तेस एक वाहिनी देण्याचे जाहीर झाले, आणि २०२२ च्या अर्थसंकल्पात त्या बारांच्या दोनशे करण्याची घोषणा झाली. यांतील बरेचसे पाठ हिंदीत वा इंग्रजीत असतात, हे मी लपवीत नाही. मूल एकटे पाहील तर कंटाळेल. परंतु शिक्षकाने आठवड्याचे वेळापत्रक पाहून एखादा पाठ निवडला, वर्गात तो सर्वांबरोबर पाहिला आणि मधेमधे मराठीत वा कोंकणीत उलगडून सांगितला, तर विज्ञानाचा जो प्रयोग आपल्या शाळेच्या कपाटात नाही तो मुलांना निदान डोळ्यांनी पाहता येतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये पणजीच्या चित्रपट महोत्सवात प्रसार भारतीने ‘वेव्हज’ नावाचे भ्रमणध्वनीवरील व्यासपीठही सुरू केले. पण त्याला इंटरनेट लागते, आणि या डोंगराच्या कुशीत इंटरनेटची काय अवस्था आहे, ते आपणांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. छत्रीला इंटरनेट लागत नाही.

एवढे बोलून मी थांबतो, कारण पावणेअकरा झाले आहेत. एक छत्री, दोन्ही प्रकारच्या पेट्या आणि वीस मीटर केबल मी बरोबर आणली आहे. शाळेच्या ओट्यावरील खांबाला आपण ती आताच लावून पाहू. सातवीतील दोन मुले पुढे या. एकाने पान्हा धरावा आणि दुसऱ्याने आत पडद्यापाशी उभे राहून ‘आले’ किंवा ‘गेले’ एवढेच मोठ्याने ओरडावे.