तंजावरास जाऊन आल्यावर

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



तंजावरच्या प्रवासाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, तेव्हा मी प्रथम माघारच घेतली होती. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला, सारी हयात प्राथमिक शाळेत मुळाक्षरे आणि पाढे शिकविण्यात घालविलेला मनुष्य. इतिहासावर वा शिल्पावर बोलण्याचा अधिकार माझा नव्हे. परंतु त्या प्रवासात एक प्रसंग असा घडला की, तो आपणांपुढे सांगितल्यावाचून मला स्वस्थता लाभेना. यास्तव उभा राहिलो आहे.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही पाच जण निघालो. मी, माझे कुटुंब, आणि मंडळातील तिघे स्नेही. मुंबईहून चेन्नई व तेथून तंजावर असा आगगाडीचा प्रवास झाला. पहाटे गाडीच्या खिडकीतून पाहतो तो दोन्ही अंगांस भाताची हिरवीगार खाचरे, मधून मधून पाण्याचे पाट, आणि डोंगराचे नावही नाही. कावेरीच्या गाळाने बनलेली ही सपाट भूमी ध्यानात ठेवूनच तेथील मोठे देऊळ पाहावे, म्हणजे त्याची खरी किंमत कळते. संपूर्ण देऊळ कठीण काळ्या-तांबूस दगडाचे, आणि तो दगड जवळपास कोठेही मिळत नाही!

राजराज चोळाने बांधविलेले हे बृहदीश्वराचे मंदिर इ. स. १०१० मध्ये पुरे झाले. मदुरेसारख्या क्षेत्री वेशीवरील गोपुरे आभाळास भिडलेली असतात आणि गाभाऱ्यावरील शिखर त्यांच्यापुढे लहान दिसते. येथे प्रकार उलटा आहे. केरळच्या राजावरील विजयाची आठवण देणाऱ्या दरवाजातून आत शिरावे, पुढे दुसरा दरवाजा ओलांडावा, आणि मग सुमारे २०० फूट उंचीचे तेरा मजली शिखर थेट देवाच्या मस्तकावर उभे असलेले दिसते. त्या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे आमच्या वाटाड्याने मोठ्या भक्तिभावाने सांगितले. दुपारी चार वाजता त्याच सावलीत बसून आम्ही पाणी प्यालो. पण त्या भल्या मनुष्याचे मन मोडावेसे वाटले नाही.

मला शिखरापेक्षाही जोत्याने अधिक वेळ अडवून ठेवले. जोत्यावर चोहीकडे तमिळ अक्षरांत राजराजाने केलेली दाने कोरली आहेत. सोन्याची भांडी, दागिने, दिव्यांसाठी दिलेली जनावरे यांचा हिशेब तर आहेच. शिवाय देवळाच्या सेवेसाठी निरनिराळ्या गावांहून आणलेल्या ४०० नर्तकींची नावे आहेत, कोणती कोणत्या गावची, तिचे घर कोणत्या आळीत कितवे, आणि प्रत्येकीस वर्षाला १०० कलम भात. हजार वर्षांपूर्वीचा हा हजेरीपट! ज्या शाळेत मी नोकरी केली, तेथील तीस वर्षांपूर्वीचे हजेरीपट आज मागितले तर कोणास सापडावयाचे नाहीत.

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत भोसल्यांची गादी तेथे राहिली. देवळाच्या प्राकारात नैऋत्येकडील भिंतीवर मराठी भाषेत, देवनागरी अक्षरांत, भोसले घराण्याचा इतिहास कोरलेला आहे. तो दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविला. हे साल मुद्दाम ध्यानात घ्यावे. १७९९ च्या तहाने राज्य कंपनी सरकारकडे गेले होते; राजांकडे किल्ला आणि तनखा, एवढेच उरले होते. ज्याच्या हातून राज्य गेले त्याने सुमारे चार वर्षांत आपल्या पूर्वजांची हकीकत दगडात घालून ठेविली.

मी चष्मा सावरून ओळीवर बोट न ठेवता बोट फिरवीत होतो, इतक्यात मागून कोणी मराठीत विचारले, "महाराष्ट्रातून आलात का?" पाहतो तो शुभ्र वेष्टी नेसलेले, ऐंशीच्या घरातील एक गृहस्थ. त्यांचे मराठी तमिळ हेलाचे, पण शब्द असे की माझ्या आजीच्या तोंडून ऐकल्यानंतर पुन्हा कधी कानी पडले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राहिलेले, मुलांचे शिक्षण तमिळ-इंग्रजीत झालेले. परंतु घरात मराठी. मी शिक्षक होतो हे कळताच त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी आग्रहाने आम्हां सर्वांस घरी नेले.

राजवाड्याच्या मागील एका गल्लीत त्यांचे जुने घर आहे. कॉफी झाली. मग त्यांनी सुनेकडून माजघरातील एक लाकडी पेटी आणविली. आत कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि कापडात बांधलेले मोडी कागद. पूर्वज राजवाड्याच्या चाकरीत होते, त्यांचे. वडिलांना ते वाचता येत होते. यांना येत नाही. दरवर्षी एकदा ऊन देऊन, पाला बदलून पुन्हा बांधून ठेवतात. त्यांनी वरचा कागद दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "मास्तर, आपण तिकडचे. एवढे वाचून सांगावे."

मंडळी, मला त्यातील मथळ्याच्या "श्री"पलीकडे एक अक्षर लागले नाही.

मी तसे सांगितले. ते काही बोलले नाहीत. कागद घडी मोडू न देता परत ठेवला आणि माझ्या पत्नीस अजून थोडी कॉफी घेण्याविषयी विचारले. त्यांच्या त्या सभ्यतेने मी अधिकच ओशाळलो.

आता जे सांगावयाचे ते येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांसमोर सांगतो. माझे वडील या मंडळाचे काही वर्षे चिटणीस होते, हे आपणांपैकी पुष्कळांस स्मरत असेल. त्यांना मोडी उत्तम येत असे. त्यांच्या पश्चात घरी एक पत्र्याची पेटी होती, तीत मोडी कागद भरलेले. १९९४ मध्ये घर नव्याने बांधावयास काढले तेव्हा ती अडचण वाटली. मी ती उघडली, काही वाचता येईना, आणि रद्दीवाल्यास बोलाविले. रद्दी १९ किलो भरली. सव्वादोन रुपये भावाने ४२ रुपये ७५ पैसे मिळाले. आपल्या धर्मशाळेच्या जागेचा कज्जा किती वर्षे चालला आहे, आणि मूळ दानाचा कागद सापडत नाही म्हणून वकील कसे हात टेकतात, हे या सभेस ठाऊक आहे. तो कागद त्या पेटीत होता की नव्हता, हे मला कधीही सांगता येणार नाही. पेटी मी विकली. आजवर हे मी कोणास बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. तेथे तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत, आणि मोडी दप्तराचे गठ्ठे १३०० हून अधिक. सांगलीस विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये नाटक उभे केले त्याच्या दीडशे वर्षे आधी तंजावरचे शहाजीराजे मराठीत नाटके लिहीत होते, हे मी वर्गात कधी शिकविले नाही, कारण मलाच ठाऊक नव्हते. दरबारगृहात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा हात जोडून उभा आहे. त्या जोडलेल्या हातांकडे मला फार वेळ पाहवले नाही.

तंजावराभोवतीचा प्रदेश मात्र प्रत्येकाने पाहावा. कुंभकोणमजवळ दारासुरम येथे दुसऱ्या राजराजाचे बाराव्या शतकातील देऊळ आहे. मोठ्या देवळापुढे लहान, पण कोरीवकाम दागिन्यासारखे. एकाच मस्तकात बैल आणि हत्ती दोन्ही दिसावेत अशी एक आकृती तेथे आहे. एक अंग झाकले की बैल, दुसरे झाकले की हत्ती. आमचे एक स्नेही तेथून हलेनात. नाद देणाऱ्या पायऱ्यांना आता जाळी घातली आहे, ते योग्यच झाले. गंगैकोंडचोळपुरम येथे राजेंद्र चोळाची राजधानी नाहीशी झाली असून तिचे देऊळ तेवढे शेतांच्या मध्ये उभे आहे. कावेरीवरील कल्लणै हा प्राचीन बंधारा धावतपळत पाहिला. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले असे सर्वत्र ऐकावयास मिळाले. पुरावा कोणी दाखविला नाही, सांबार मात्र उत्तम होते.

तिरुवैयारूस त्यागराजांच्या समाधीपाशी कावेरीच्या काठावर संध्याकाळ घालविली. तमिळ मुलूख, मराठे राजे, आणि या साधूने पदे रचली ती तेलुगूत. ती पदे त्यांच्या शिष्यांनी उतरून ठेविली म्हणून आज गायिली जातात. मंडळी नदीकडे पाहत होती; माझे चित्त त्या लाकडी पेटीत होते.

निघण्यापूर्वी मी एकटा पुन्हा त्या गृहस्थांकडे गेलो आणि वरच्या कागदाचे छायाचित्र घेण्याची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली. परत आल्यावर जिल्ह्याच्या गावी मोडी जाणणारे एक वृद्ध गृहस्थ शोधून काढले. त्यांनी अर्ध्या घटकेत तो कागद वाचला. एका देवळातील नंदादीपासाठी तेल पोचल्याची ती पावती होती. तेलाचे माप, आणणाराचे नाव आणि मिती, इतकेच. मी ते देवनागरीत उतरून तंजावरास पाठविले.

त्याच गृहस्थांकडे आता मी दर रविवारी मोडी शिकण्यास जातो. आधी ओळभर रेघ ओढावयाची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे खाली लोंबवीत न्यावयाची, असा तिचा शिरस्ता. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. ज्या मुलांना मी वेलांटीपायी छड्या मारल्या त्यांनी हे ऐकू नये! गुरुजींनी पहिल्याच महिन्यात माझी पाटी तीनदा पुसावयास लावली.

तंजावरहून उत्तर आले. पावती वाचून घरातील सर्वांना फार आनंद झाला, सुनेने ती मुलांना तमिळमध्ये समजावून सांगितली, असे त्यांनी कळविले आहे. सोबत आणखी अकरा कागदांची छायाचित्रे आहेत. त्यांतील चार मी गुरुजींच्या साहाय्याने लावले. पाचव्यातील दोन ओळी अद्याप अडल्या आहेत. आपणांपैकी कोणाच्या घरी पेटी असेल तर ती उघडण्यापूर्वी मला निरोप धाडावा. मी पिशवी न घेता येईन.